उकंडराव होले यांचे आठ वॅट

युद्धाच्या दुसऱ्या वर्षी, माघातल्या एका शनिवारी, उकंडराव होले अकोल्याला गेले आणि ॲम्प्लिफायर न घेताच संध्याकाळच्या गाडीने अमरावतीला परतले. समारंभाला आठ दिवस उरले होते. दोन स्पीकर त्यांनी स्वतःच्या हाताने लाकडी पेट्यांत बसवले होते. त्यांना आवाज पुरवणारे यंत्र तेवढे नव्हते.

होले अमरावतीच्या एका छापखान्यात मशीनमन होते. त्या छापखान्यातून दर शुक्रवारी एक साप्ताहिक निघे. मी त्याचा बातमीदार होतो. पुढे लिहिले आहे त्यातले बहुतेक मी पाहिलेले आहे. जे पाहिले नाही ते कोणाकडून कळले, हे त्या त्या ठिकाणी सांगितले आहे.

होल्यांचे वय तेव्हा चाळीसच्या आतबाहेर होते. मूळचे मोर्शीचे, माळी घराण्यातले. वडील भाजीपाला करत, भावांनी पुढे संत्र्याची बाग लावली. उंची बेताची, बोलणे त्याहून बेताचे. त्यांच्या डाव्या कानाची पाळी शाईने कायमची काळी झालेली होती. मशीन चालू असताना ते पेचकसाचे टोक बेअरिंगवर टेकवत आणि मूठ कानाशी धरत, हे त्याचे कारण. सकाळी एकदा आणि दुपारी एकदा. काय करता, असे कोणी विचारले तर म्हणत, "नाडी पायतो."

टाइप जुळवणारे पांडुरंग यावर रोज काहीतरी बोलत.

"होलेभाऊ, मशीन काय म्हनते? पगार वाढवा म्हनते का?"

"तुह्या जुळणीतल्या चुका गिळून गिळून पोट दुखून राहिलं म्हनते."

एका गुरुवारी दुपारी, अंक अर्धा छापून झालेला असताना, होल्यांनी मशीन बंद केले. संपादक वरच्या मजल्यावरून खाली आले. ते पुण्यात शिकलेले होते आणि होल्यांच्या उत्तरांची त्यांना शेवटपर्यंत सवय झाली नाही.

"काय झालं, होले?"

"आवाज बदलला."

"छपाई तर चांगली येते आहे."

"येते. पन आवाज बदलला."

"आवाज बदलला म्हणून कोणी मशीन थांबवतं का?"

"आवाज बदलल्यावर थांबवलं तं दुरुस्ती होते, साहेब. तुटल्यावर थांबवाले मानूस कशाले लागते? ते सोताच थांबते."

मशीन उघडल्यावर एका दांड्याला केसाएवढी चीर निघाली. अंक तीन तास उशिरा निघाला. संपादकांनी त्या दिवशी होल्यांसाठी वरून चहा पाठवला. होल्यांनी तो मशीन जोडून झाल्यावर, पार थंड झालेला, प्यायला.

स्पीकरचे काम ते पुस्तकातून शिकले. छापखान्यात रद्दीच्या गठ्ठ्यात रेडिओवरचे एक जाड इंग्रजी पुस्तक आले होते. होल्यांना इंग्रजी अक्षरे ओळखण्यापुरते येत होते. दुपारच्या सुट्टीत मी वाचून अर्थ सांगे आणि ते आकृत्या बिडीबंडलाच्या कागदावर उतरवून घेत. मी लांबलचक वाक्यात अडकलो की म्हणत, "शब्द राहू द्या, चित्र काय म्हनते ते सांगा." स्पीकर त्यांना चांदूर बाजारला मिळाले. तिथे एक फिरती सिनेमा कंपनी बंद पडून तिचे सामान विकले जात होते. पेट्यांसाठी त्यांनी जुने सागवान घेतले, कारण संत्र्याच्या खोक्याची पातळ फळी आवाजाबरोबर स्वतःही बोलू लागते, हे त्यांनी आधी एक पेटी करून, वाया घालवून, शिकून घेतले होते.

हे सगळे छंद म्हणून चालले नव्हते. ते एका माणसासाठी होते.

मोर्शीच्या प्राथमिक शाळेत महादेव गुरुजींनी तीस वर्षे शिकवले. होल्यांना त्यांचे वडील नवव्या वर्षी शाळेतून काढून भाजीच्या दुकानावर बसवू लागले, तेव्हा गुरुजी आठवडी बाजारात येऊन त्या दुकानासमोर मांडी घालून बसले आणि वांगी मापणाऱ्या उकंडाला तिथेच पावकी-निमकी विचारू लागले. गिऱ्हाइके वांगी सोडून पाढे ऐकत उभी राहिली. वडील म्हणाले, "गुरुजी, धंदा बुडून राहिला ना." गुरुजी म्हणाले, "पोरगं शाळेत धाडा, मी उठतो." दुसऱ्या दिवशी उकंडा शाळेत होता. ही गोष्ट मला होल्यांनी सांगितली आणि त्यांच्या थोरल्या भावाने वेगळे विचारल्यावर तशीच सांगितली.

ज्या गुरुजींचा आवाज भर बाजारात ऐकू जाई, त्यांचा घसा बसून आता दोन वर्षे झाली होती. अमरावतीच्या डॉक्टरांनी तपासून सांगितले होते, की कुजबुजीच्या वर आवाज काढू नये. ताण दिला तर उरला आहे तोही जाईल. त्याच सुमारास जुन्या विद्यार्थ्यांनी त्यांचा सत्कार ठरवला. गुरुजी तयार होईनात. होले त्यांना भेटायला गेले, तेव्हा, होल्यांनीच मला सांगितल्याप्रमाणे, त्यांच्या कानाशी तोंड नेऊन गुरुजी म्हणाले, "बोलता येत नाही त्याचा सत्कार म्हंजे फोटोले हार."

होले म्हणाले, "तुमी बोलसान. मी साऱ्यायले आयकवतो."

"उकंड्या, आपल्याच्यानं होईल तेवढंच कबूल कर."

"कबूल केलं, गुरुजी."

सत्कारासाठी नेमलेल्या समितीचा ठराव असा झाला: समारंभाच्या दिवशी सकाळी यंत्राची परीक्षा घ्यावी, ते समाधानकारक नसेल तर गुरुजींचे भाषण लिहून घेऊन हेडमास्तरांनी वाचावे. समितीचे अध्यक्ष मोर्शीचे मोठे बागाइतदार होते, सारे त्यांना रावसाहेब म्हणत. आवाजाविषयी त्यांचे मत पक्के होते. "असं यंत्र आना, का चांदूर बाजारच्या लोकायनं विचारलं पायजे, आज मोर्शीत काय चालू हाय?"

त्या शनिवारी मी कापसाच्या बाजारभावाच्या कामासाठी अकोल्याला जाणारच होतो. होल्यांबरोबर गेलो. बडनेऱ्याला गाडी बदलताना दोन पेट्यांपैकी बरोबर आणलेली एक त्यांनी हमालाला उचलू दिली नाही.

दुकान कासमभाईंचे. पुढे सायकली, मध्ये ग्रामोफोन, आत रेडिओ आणि लाउडस्पीकरचे सामान. युद्धामुळे बाहेरचा माल येणे थांबले होते. मोर्शीत वीज नव्हती, तेव्हा मोटारीच्या बॅटरीवर चालणारे यंत्र पाहिजे होते. तशी दोनच शिल्लक होती. एक तीस वॅटचे, लोखंडी कपाटासारखे, पुढच्या बाजूला चकचकीत पट्टी असलेले. दुसरे आठ वॅटचे, पानाच्या डब्याहून थोडे मोठे.

कासमभाईंनी आधी मोठे जोडले. "होलेभाऊ, ये शेर है."

होले म्हणाले, "आता कोनी बोलू नका."

दुकानात सहा गिऱ्हाइके होती. सगळी गप्प झाली. होल्यांनी पेटीच्या जाळीला कान लावला आणि दोनेक मिनिटे तसेच वाकून राहिले.

"घरघरते," ते म्हणाले.

"अरे, लेकिन आदमी बोलेगा तो घरघर कौन सुनेगा?"

"बोलताना सारेच चांगले, कासमभाई. गप असताना कोन काय करते ते पायलं पायजे. माह्या मान्साचा आवाज या घरघरीच्याही खाली हाय."

मोठ्या यंत्रावर कोणी एक शब्दही बोलण्याआधी त्यांनी ते नाकारले. मग लहान जोडले. पुन्हा कान, पुन्हा दोन मिनिटे. काही नाही. यंत्र चालू आहे की बंद, ते सांगता येऊ नये इतके शांत. होल्यांच्या चेहऱ्यावर काही उमटत नसे, पण त्यांनी टोपी काढून पुन्हा घातली.

मग कासमभाई मायक्रोफोनवर बोलले. त्यांचा आवाज खर्जातला. प्रत्येक शब्दाच्या बुडाशी पेटीतून खुळखुळ ऐकू आली.

होले म्हणाले, "हे फुटकं हाय. अंदर काईतरी सैल झालं."

"भाई, नया माल है. मैंने खुद खोला है बक्सा."

"नवं असन. पन फुटकं हाय."

हे त्यांनी सहा गिऱ्हाइकांसमोर, नेहमीच्या सपाट आवाजात म्हटले. त्यांतला एक जण रेडिओ पाहायला आला होता. तो रेडिओ न घेता गेला. आम्ही परत निघालो. 

पुढचे मला त्यांच्या पत्नी यशोदाबाई यांनी सांगितले. रविवारी सकाळी होल्यांनी पेटी घरात आडवी केली, तेव्हा ती कोणत्याही यंत्राला जोडलेली नसताना खुळखुळली. ते तिच्याकडे पाहत उभे राहिले. यशोदाबाई भाकरी थापत होत्या.

"पेटीत काय भरलं, अवो?"

"कापूस. आवाज घुमू नये म्हनून. पुस्तकात हाय तसं."

"कोनता कापूस?"

"आपलाच. कोपऱ्यातला, तुह्या भावाच्या वावरातला."

"सरकी काढली?"

सरकी काढलेली नव्हती. बियांचे वजन राहिले तर पेटी जागची हलणार नाही, असा त्यांनी विचार केला होता. खर्जातल्या आवाजाबरोबर मागची फळी थरथरे आणि बुडाशी सुटून जमलेल्या सरक्या तिच्यावर नाचत. आणखी एक गोष्ट त्या वेळी उघडकीला आली: पेटीच्या कोपऱ्यात उंदराने बोटभर भोक पाडून काही सरक्या बाहेर काढून खाल्ल्या होत्या.

यशोदाबाई म्हणाल्या, "उंदराले समजलं, तुमाले नाई समजलं."

थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "खुळखुळा आपल्या घरात, अन् नाव त्या मान्साच्या मालाचं खराब करून आले?"

"उद्या जातो."

"उद्या सोमवार. छापखान्यातलं मशीन?"

"मशीन एक दिवस थांबते. बदनामी थांबत नाई."

दुपारी यशोदाबाई आणि शेजारच्या दोन बायका अंगणात बसल्या आणि दोन्ही पेट्यांतला कापूस बोटांनी निवडून त्यांनी सरकी वेगळी केली. होले त्यांच्याबरोबर बसले होते. त्यांना ते काम जमत नव्हते आणि बायका त्यांना तसे सांगतही होत्या. संध्याकाळी रुई पुन्हा भरून त्यांनी उंदराच्या भोकावर पत्रा ठोकला.

सोमवारी अकोल्यात काय झाले, ते कासमभाईंनी मला नंतर स्वतः सांगितले. होले दुकान उघडताच आले. कासमभाईंनी रागाने विचारले, "अब क्या फुटा?" होले म्हणाले, "थांबा." ते सायकलींपाशी स्टुलावर बसून राहिले. एक गिऱ्हाईक आले, मग दोन, मग एक गेले. तास-दीड तास असा गेला. शेवटी दुकानात एकाच वेळी सहा गिऱ्हाइके जमली, तेव्हा होले उठून उभे राहिले. शनिवारी सहा होती, म्हणून ते सहासाठी थांबले होते.

"शनिवारी मी या दुकानातल्या यंत्राले फुटकं म्हनलो," ते मोठ्याने म्हणाले. "यंत्र सरस हाय. खोट माह्या पेटीत होती, पेटीत सरकी होती. मी उकंडा होले, अमरावती. रेडिओ पाहाले एक भाऊ आले होते, ते कोनाच्या ओळखीचे असले तं त्यायले सांगा."

कासमभाई म्हणाले, "अल्ला कसम, होलेभाऊ, इतनी जाहिरात तो मैंने खुद अपनी नहीं की."

मग त्यांनी चहा मागवला आणि लहान यंत्र मायक्रोफोनसह बांधून दिले. देताना एक इशाराही दिला: आठ वॅट म्हणजे खोलीतले यंत्र, उघड्यावर, चारशे माणसांत, आवाज मधल्या रांगेतच विरून जाईल. होले म्हणाले, "तं मग पेटी लोकायजवळ नेऊ. आवाजानं चालत कावून जावं?"

समारंभाच्या दिवशी, रविवारी सकाळी नऊ वाजता मोर्शीच्या शाळेच्या आवारात परीक्षा झाली. समितीचे सातही सभासद हजर होते. रावसाहेबांनी टेबलावरचे यंत्र पाहिले आणि त्याच्यामागे आणखी काही आहे का, म्हणून टेबलाखालीही पाहिले.

"हे? एवढं?"

"आठ वॅट."

"अन् त्या दुकानात मोठं नोतं?"

"होतं. घरघरते."

"होले, सत्कार हाय. लोकं काय कुजबुज आयकाले येऊन राहिले?"

"हो," होले म्हणाले. "तेच आयकाले येऊन राहिले."

पहिला प्रयत्न फसला. लोक अजून यायचे होते, म्हणून होल्यांनी परीक्षेपुरत्या दोन्ही पेट्या मंचाच्या दोन बाजूंना ठेवल्या होत्या. कुजबुज मोठी करायची म्हणून त्यांनी यंत्राची कळ बरीच पुढे फिरवली आणि पेट्यांतून अशी शिट्टी निघाली की वर्गखोलीच्या कौलांवरची कबुतरे उडाली. रावसाहेबांनी हेडमास्तरांकडे पाहिले. हेडमास्तरांच्या खिशात भाषणाचे कागद होते.

होले म्हणाले, "यंत्र आपलाच आवाज आयकून राहिलं. आपलाच आवाज आयकत बसलं का मानूसही असाच किंचाळते."

हे कोणाला उद्देशून होते, याची नोंद माझ्याकडे नाही. समितीतले दोघे खाकरले.

त्यांनी एक पेटी माणसे बसणार होती त्या जागेच्या मध्यभागी, निंबाच्या झाडाला बांधली आणि दुसरी पार मागे, बायकांच्या सतरंज्यांच्या कडेला, बाकावर ठेवली. दोन्हींची तोंडे मंचाकडून मागच्या बाजूला वळवली. तारा यशोदाबाई आणि होल्यांच्या भावाने ओढल्या. मग त्यांनी रावसाहेबांना शेवटच्या सतरंजीवर जाऊन उभे राहण्याची विनंती केली. रावसाहेब गेले. होले मायक्रोफोनपाशी वाकले आणि ओठही नीट हलू न देता काही कुजबुजले. त्यांच्या शेजारी तीन हातांवर मी होतो; मला ते त्यांच्या तोंडून ऐकू आले नाही. ते मागच्या पेटीतून ऐकू आले.

"रावसाहेब, फेट्याचा शेव सुटून राहिला."

रावसाहेबांचा हात फेट्याकडे गेला. शेव खरोखरच सुटलेला होता. तो खोचून ते मंचाकडे परत आले आणि हेडमास्तरांना म्हणाले, "कागद खिशातच राहू द्या."

समारंभ दुपारी चारला सुरू झाला. माणसे चारशेहून जास्त होती, पण मोजलेली नव्हती. हार झाले, रावसाहेबांचे भाषण झाले. ते मायक्रोफोनपासून दोन हात लांब उभे राहून बोलले आणि तरीही सर्वांना ऐकू गेले. मग गुरुजी उठले. होले मंचावर नव्हते. ते यंत्रापाशी जमिनीवर बसून एका हाताने कळ धरून होते. मी शेवटच्या रांगेत जाऊन उभा राहिलो, कारण बातमी तिथे होती.

गुरुजी मायक्रोफोनच्या अगदी जवळ आले. काही क्षण काहीच आले नाही, पेटीतून घरघरही नाही. मग निंबाच्या झाडातून आणि आमच्या शेजारच्या बाकावरून एकदमच, श्वासासारखा पण स्वच्छ, आवाज आला.

"बसा. हजेरी घेतो."

त्यांनी हजेरीच घेतली. हातात कागद नव्हता. आपल्या पहिल्या वर्गापासून, आठवतील तशी, ते नावे घेत गेले. नाव घेतलेला माणूस उभा राहून "हजर" म्हणे. त्यांत एक पोलीस होता, एक वकील होता, हात मातीने भरलेले बागवान होते. तीन नावांना कोणी उत्तर दिले नाही. तेव्हा गुरुजी थोडे थांबले आणि पुढे गेले. एका मुलीचे नाव त्यांनी घेतले, त्या वर्गातली ती एकटीच मुलगी. माझ्या पुढ्यातली एक म्हातारी बाई पदर सावरत उठली आणि मोठ्याने म्हणाली, "हजर, गुरुजी! आयकाले येते! सारं आयकाले येते!"

"उकंडा होले," गुरुजी म्हणाले.

उत्तर नाही.

"उकंडा होले."

लोक मागे-पुढे पाहू लागले. होले यंत्रावर वाकून ऐकत होते. आवाजात कुठे काही बदलते आहे का, एवढेच ते ऐकत होते. शब्दांकडे त्यांचे लक्ष नव्हते. यशोदाबाईंनी त्यांच्या खांद्याला हात लावला. ते दचकून उभे राहिले, पण कळ सुटू नये म्हणून पुरते सरळ झाले नाहीत.

"हजर," ते म्हणाले.

"पेटी तू बांधली?"

"हो, गुरुजी."

"बरी बांधली. बस."

त्या तीस वर्षांत शाळेत जे शिकून गेले त्यांच्यापैकी कोणालाही गुरुजींनी "बरी"हून मोठी शाबासकी दिल्याचे आठवत नाही. हे मी नंतर चौघांना विचारून खात्री करून घेतले. होले बसले आणि पुन्हा कळीवर हात ठेवला. त्यांची मान मात्र बराच वेळ ताठ होती. गुरुजी एकंदर अकरा मिनिटे बोलले. बॅटरी उतरली नाही.

पुढच्या आठवड्यात हेडमास्तरांनी विचारले, की सत्काराला जे जमले ते वर्गात का जमू नये. गुरुजींनी डॉक्टरांना विचारले. डॉक्टर म्हणाले, कुजबुजीला हरकत नाही. त्यानंतर दर शनिवारी सकाळच्या शाळेत महादेव गुरुजी चौथीच्या वर्गाचा एक तास घेऊ लागले. एक पेटी पुढच्या भिंतीला, एक मागच्या. शनिवारी छापखान्याचे मशीन बंद असे. होले शुक्रवारी अमरावतीच्या मोटार गॅरेजमध्ये बॅटरी भरून घेत आणि सकाळच्या मोटारीने मोर्शीला नेत.

चैत्रात मला नागपूरच्या एका दैनिकात काम मिळाले. निघण्याच्या दिवशी सकाळी मी अमरावतीच्या मोटार स्टँडवर होतो. होले मोर्शीच्या मोटारीत दारापाशी बसलेले दिसले. क्लीनर बॅटरी टपावर टाकू पाहत होता.

"वर नाई," होले म्हणाले. "तेजाब सांडन."

"मंग दुसऱ्या सीटचं तिकीट लागन, होलेभाऊ."

"फाड."

त्यांनी मला पाहिले, मान हलवली आणि हाताने विचारले, किती वाजले. मी घड्याळ दाखवले. मोटार सात वाजून दहा मिनिटांनी सुटली. त्या दिवशी गुरुजींनी चौथीला त्रैराशिक शिकवले आणि वर्गात अडतीस मुले हजर होती, असे हेडमास्तरांनी मला पत्राने कळवले.